घोरणं थांबलं, पण श्वासाचं काय? स्लीप ॲप्नियासाठी दातांवर चढवायच्या ट्रेबद्दल

आधी एक छोटा प्रयोग करा, आत्ता बसल्या बसल्या. तोंड थोडं उघडं ठेवून मुद्दाम घोरल्यासारखा आवाज काढा, घशातून, झोपेत येतो तसा. निघाला? आता खालचा जबडा पुढे काढा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका, आणि तसाच धरून परत घोरून बघा. बहुतेकांना जमत नाही, किंवा निघाला तरी फुसका आवाज निघतो. आजूबाजूला कोणी असेल तर ते तुमच्याकडे विचित्र नजरेने बघत असतील, पण या लेखातलं अर्धं शास्त्र तुम्हाला आत्ताच कळलं. उरलेलं अर्धं जरा वेळ घेईल.

मी डॉक्टर नाही, डेंटिस्टही नाही, नुसता पेशंट आहे. गेली तीन वर्षं रोज रात्री वरच्या आणि खालच्या दातांवर प्लास्टिकचे दोन ट्रे चढवून झोपतो आणि या तीन वर्षांत विषयाचा एवढा कीस काढलाय की आता घरचे म्हणतात पुरे. ओळखीत कोणाला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत परत परत श्वास अडकायचा आजार, निघाला की फोन येतोच, अरे ते तुझं तोंडात घालायचं काय असतं, खरंच चालतं का, मास्कपेक्षा बरं का, ऑनलाइन मिळतं ते घेऊ का. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं (जबडा तसाही दुखायचा) म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

घशाची रचना कळली की बाकीचं आपोआप कळतं, म्हणून तिथून सुरुवात. छातीत उतरणाऱ्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात त्यामुळे ती पाइपसारखी कायम उघडी राहते. पण तिच्या वरचा भाग, म्हणजे नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा, त्याला असा काही आधार नाही, तिथे सगळं मऊ काम आहे, टाळूचा मागचा भाग, पडजीभ, जिभेचं मूळ आणि दोन्ही बाजूंच्या मांसल भिंती. जागेपणी तिथले स्नायू ताठ असतात म्हणून रस्ता उघडा राहतो. झोप लागली की सगळ्या अंगाचे स्नायू ढिले पडतात तसे हेही पडतात, उताणं झोपलं तर जीभ स्वतःच्याच वजनाने मागे सरकते, आणि श्वास आत घेताना आतून ओढ बसते ती वेगळीच. पातळ स्ट्रॉने काहीतरी घट्ट ओढायला गेलं की स्ट्रॉच्या भिंती आत चिकटतात आणि जितकं जोरात ओढाल तितकी ती जास्तच चपटी होते, ते आठवा. घशात नेमकं तेच होतं.

रस्ता अर्धवट बंद असेल तर हवा जाताना या मऊ भिंती फडफडतात, ते घोरणं. पूर्ण बंद झाला तर आवाजच नाही, कारण हवाच नाही. छाती-पोट वरखाली होत असतं, प्रयत्न जोरात चालू असतो पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, मेंदूला गडबड कळते, तो झोपेतून अर्धवट वर येतो, स्नायू ताठ होतात, एकदम फर्रकन श्वास आत घुसतो आणि परत झोप. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. माणूस छातीठोक सांगतो की मी आठ तास गाढ झोपलो आणि दुपारी मीटिंगमध्ये बसल्या जागी मान टाकतो. रात्रभर असे झटके बसत राहिले की रक्तदाब झोपेत उतरायला हवा तो उतरत नाही, हृदयावर ताण येतो, सकाळी डोकं जड, रात्री लघवीला दोनतीनदा उठणं, चिडचिड, आणि गाडी चालवताना डुलकी, जी सगळ्यात वाईट.

आमच्याकडे हे बायकोने पकडलं. ती म्हणायची, तू घोरायचास तेव्हा मला राग यायचा आणि थांबायचास तेव्हा भीती वाटायची. एका रात्री तिने माझं घोरणं थांबल्यावर मनात आकडे मोजायला सुरुवात केली, २२ पर्यंत गेली, मग मी गचका मारून श्वास घेतला. लोक घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून हसतात, आवाजाचे व्हिडिओ काढतात, पण खरं बघायचं असतं ते त्या मधल्या शांततेकडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

मग स्लीप स्टडी. रात्रभर नाकाशी हवा मोजणारी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर वगैरे लावून झोपायचं. काहींना हॉस्पिटलमध्ये झोपायला लागतं आणि तिथे डोक्यालाही वायरी लावतात, काहींचं घरीच होतं. यातून एक आकडा निघतो, एएचआय म्हणतात त्याला. तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा बराच कमी झाला तो आकडा, आणि थांबला असं म्हणायला निदान १० सेकंद जावे लागतात. मोठ्या माणसात ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. माझा आला २७ आणि ऑक्सिजन एका क्षणी ८१ टक्क्यांपर्यंत उतरलेला. म्हणजे दर दोन मिनिटांनी जवळपास एकदा कोणीतरी येऊन गळा धरल्यासारखं, रात्रभर, आणि मला पत्ताच नाही.

यावरचा सगळ्यात दमदार उपाय म्हणजे सीपॅप, नाकावर मास्क आणि मशीनमधून हवेचा हलका दाब, त्या दाबाने घसा आतून फुगलेला राहतो, बंद पडतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. त्याआधी तीव्र त्रास असणाऱ्यांना खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून श्वासाचा वेगळा रस्ता करायचा, त्यामुळे मास्कला नावं ठेवताना मी जरा बेतानेच ठेवतो. सीपॅप चालतोच, ज्याला जमला त्याने तोच लावावा, विषय संपला. पण खूप जणांना जमत नाही. मी चार महिने प्रामाणिकपणे लावला. मास्क नाकावर घट्ट केला की व्रण, सैल केला की डोळ्यात वारा, आणि कधीतरी पहाटे मी झोपेतच तो उपटून टाकायचो, सकाळी मास्क उशीखाली आणि मशीन आपलं एकटंच फुसफुसतंय. रिपोर्टमध्ये वापर कधी तीन तास, कधी चार.

तेव्हा स्लीपच्या डॉक्टरांनीच ओरल अप्लायन्सचा, म्हणजे तोंडात घालायच्या साधनाचा, विषय काढला. त्यातल्या माझ्या प्रकाराचं नाव मँडिब्युलर ॲडव्हान्समेंट डिव्हाइस, मँडिबल म्हणजे खालचा जबडा, तो पुढे नेणारं साधन, बस. वरच्या दातांवर एक ट्रे, खालच्या दातांवर एक ट्रे, दोन्ही एकमेकांना अशा रीतीने अडकवलेले की खालचा जबडा थोडा पुढेच धरून ठेवला जातो. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतल्या बाजूने चिकटलेला असतो, त्यामुळे जबडा पुढे गेला की जीभ त्याच्या मागोमाग येते. मला आधी वाटायचं एवढंच असणार, जीभ पुढे आली की झालं. पण एमआरआयमध्ये बघितलं तर असं दिसतं की जागा जास्त वाढते ती टाळूच्या मागे आणि तीसुद्धा आडवी, म्हणजे बाजूच्या भिंती ताणल्या जाऊन बाहेर सरकतात. कारण जबडा, टाळू आणि घशाच्या भिंती आतून एकमेकांना स्नायूंनी आणि पडद्यांनी बांधलेल्या असतात. तंबूचा एक दोर ओढला की बाजूची सैल कनातसुद्धा ताठ होते तसलं काहीतरी.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट बेशुद्ध झाला की भूल देणारे डॉक्टर दोन्ही हातांनी त्याचा जबडा खालून धरून पुढे उचलतात, कारण नाहीतर जीभ मागे पडून श्वास अडकतो. ट्रे तेच काम करतो, फक्त हातांऐवजी दातांच्या आधाराने आणि रात्रभर. १९०२ मध्ये पिएर रोबँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी जबडा लहान असलेल्या आणि त्यामुळे जीभ मागे पडणाऱ्या मुलांसाठी जबडा पुढे धरणारं साधन बनवलं होतं. स्लीप ॲप्निया हा शब्दसुद्धा तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

आता लोक हमखास विचारतात तो प्रश्न, सीपॅपपेक्षा चांगलं का? नाही. आकडा खाली आणण्यात सीपॅप पुढे आहे, यात वादच नाही. ट्रे लावणाऱ्यांत ढोबळमानाने तिघांतल्या एकाचा आकडा ५ च्या खाली येतो, एकाचा निम्म्याहून खाली येतो पण थोडा उरतो, आणि एकाला फार फरक पडत नाही. हे ऐकून माझा उत्साह तिथेच मावळला होता. पण मग डॉक्टरांनी कागदावर एक हिशोब करून दाखवला तो इथे देतो, कारण सगळी मेख त्यात आहे.

समजा एकाचा एएचआय ३० आहे आणि तो रात्री ८ तास झोपतो. सीपॅपने त्याचा आकडा २ वर येतो, म्हणजे जवळपास बरा झाल्यासारखाच, पण तो ४ तासांनी मास्क काढून टाकतो. पहिल्या ४ तासांत २ च्या हिशोबाने ८ वेळा श्वास अडकला, पुढच्या ४ तासांत ३० च्या हिशोबाने १२० वेळा, एकूण १२८, भागिले ८, रात्रीची सरासरी पडली १६. दुसरा माणूस, आकडा तोच ३०, त्याने ट्रे लावला, ट्रेने आकडा १० वरच अडकला, पण ट्रे ७ तास तोंडात राहिला. ७ तासांचे ७० आणि उरलेल्या एका तासाचे ३०, झाले १००, भागिले ८, साडेबारा. कागदावर कमजोर असलेला इलाज पुढे गेला, का, तर तो तोंडात राहिला. आणि पहिल्या माणसाने मास्क पूर्ण रात्र ठेवला असता तर तोच जिंकला असता हेही तितकंच खरं, त्यामुळे हा हिशोब मास्क टाकून द्यायला निमित्त म्हणून वापरू नका.

हे नुसतं गणित नाही. सिडनीच्या संशोधकांनी मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या १२६ जणांना एक महिना सीपॅप आणि एक महिना ट्रे असं आलटून पालटून दिलं होतं, २०१३ मध्ये ते छापून आलं. आकडा सीपॅपने जास्त उतरला, पण वापर ट्रेचा जास्त, रात्री सरासरी साडेसहा तास, सीपॅपचा पाचच्या थोडा वर. आणि रक्तदाब, दिवसाची झोप वगैरे मोजल्यावर महिन्याभरात तरी दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. २०१५ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने डेंटिस्टांच्या संघटनेबरोबर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ज्यांना सीपॅप सोसत नाही किंवा दुसरंच काही हवंय अशा मोठ्या माणसांसाठी ट्रे चालेल असं म्हटलंय, आणि त्यातही दोन शब्द महत्त्वाचे आहेत, माप घेऊन बनवलेला आणि पुढे-मागे करता येणारा.

या दोन शब्दांकडे मी दुर्लक्ष केलं होतं. सगळेच करतात. आधी ऑनलाइन मिळणारा मागवला, गरम पाण्यात मऊ करायचा, तोंडात घालून चावायचा आणि गार होऊ द्यायचा, दहा मिनिटांत काम तमाम. जाडजूड, तोंड मिटेना, लाळ गळतेय, आणि पहाटे जमिनीवर पडलेला, त्यावर पाय पडून मी जागा झालो. अशा ट्रेची अडचण फक्त गैरसोयीची नाही. तो दातांना नीट धरत नाही त्यामुळे झोपेत जबडा मागे घसरतो, आणि जबडा नेमका किती पुढे न्यायचा हे ठरवणारं तिथे कोणीच नाही, तुम्ही स्वतःच अंदाजे चावलेलं असतं. त्यात तपासणी न करता घेतला तर तुम्हाला साधं घोरणं आहे की ॲप्निया हेही माहीत नसतं. आवाज गेला की माणूस खूश, आणि आजार आत तसाच.

माप घेऊन बनवायचा म्हणजे काय होतं ते जरा सविस्तर सांगतो. आधी स्लीपच्या डॉक्टरांचं निदान हातात हवं, डेंटिस्ट ॲप्नियाचं निदान करत नाही. मग या कामाचा अनुभव असलेला डेंटिस्ट तोंड तपासतो. दात पुरेसे आहेत का, साधारण वर आणि खाली प्रत्येकी आठ-दहा तरी धडके दात लागतात कारण सगळा जोर त्यांच्यावर येतो, हलणारे दात असतील किंवा हिरड्यांचा आजार असेल तर आधी ते निस्तरायचं. कानाजवळ जबड्याचा सांधा असतो तिथे बोट ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावतात, कटकट आवाज, दुखणं वगैरे बघायला. मोठी फिलिंग किंवा कॅप बाकी असेल तर ती आधी करून घ्या, कारण नंतर दाताचा आकार बदलला की ट्रे बसत नाही.

मग ते मोजमाप. एक काट्यासारखी छोटी पट्टी असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, जॉर्ज गेज म्हणतात तिला. ती समोरच्या दातांत धरायची, जबडा जितका मागे जातो तितका मागे न्यायचा, वाचन घ्यायचं, मग जितका पुढे येतो तितका पुढे काढायचा, परत वाचन. माझं अंतर आलं ११ मिलिमीटर. याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करतात, माझी साडेपाचवर झाली. जबडा त्याच जागी धरून चाव्याचा ठसा घेतला आणि दातांचं माप कॅमेऱ्याच्या कांडीने स्कॅन करून घेतलं (पूर्वी तोंडात लगदा भरून घ्यायचे, अजूनही काही ठिकाणी घेतात, उलटी येणाऱ्यांचे हाल). हे सगळं लॅबला जातं आणि दोनतीन आठवड्यांनी ट्रे येतो. माझ्या ट्रेला दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू आहेत. काहींना समोर हुक असतो, काहींना बाजूला माशाच्या परासारखे उंचवटे, काहींना वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या. प्रकार खूप आहेत आणि प्रत्येक डेंटिस्टला आपला लाडका प्रकार असतो, त्यात फार डोकं घालू नका. फक्त पुढे-मागे करता येतो ना, एवढं विचारा.

पहिल्या रात्री लाळेचा पूर. तोंडात काहीतरी बाहेरचं आलंय म्हटल्यावर तोंड ते खायला लागतं, लाळ सोडतं. आठवड्याभरात कमी झालं. त्यानंतर खरं काम सुरू, ट्रे बरोबर एक बारीक किल्ली येते, तिने स्क्रू फिरवायचा, दोन्ही बाजूंना सारखाच, एका वेळी पाव मिलिमीटर. मग चार रात्री थांबायचं, जबड्याला सवय होऊ द्यायची, सकाळी दुखत नसेल तर पुढचा पाव. दुखत असेल तर थांबायचं, हिरोगिरी करायची नाही. सहा वेळा फिरवल्यावर, म्हणजे ७ मिलिमीटरवर, घोरणं बंद. बायकोने जाहीर केलं की आता खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येतो. मी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि मोकळा झालो.

आणि इथेच फसलो असतो. डॉक्टरांनी ट्रे तोंडात ठेवून परत स्लीप टेस्ट करायला सांगितली, मला वाटलं कशाला उगाच, आवाज गेलाय, झोपही बरी लागतेय. केली. आकडा १४. म्हणजे २७ चे निम्मे झाले होते, पण तासाला १४ वेळा श्वास अजूनही अडकत होता, फक्त गुपचूप. जागा थोडी वाढली की भिंती फडफडायचं थांबतात, पण पूर्ण मिटायचं थांबतातच असं नाही. आधी निदान आवाज होता, शेजारी झोपणाऱ्याला कळत तरी होतं, आता तोही पहारेकरी गेला होता. परत किल्ली काढली, अजून चार वेळा पाव पाव, ८ मिलिमीटर झाले, परत टेस्ट, आकडा ६, ऑक्सिजन ९० च्या वर. डॉक्टर म्हणाले, इथे थांबू या, अजून पुढे नेलं तर सांधा कुरकुरेल आणि मिळणार थोडंच. आणि ते खरंच आहे, जितकं जास्त पुढे तितका फायदा जास्त असं सरळ गणित नाही, एका मर्यादेनंतर दुखणं तेवढं वाढतं. त्यामुळे कोणी ट्रे देऊन परत टेस्टचं नावच काढलं नाही तर तुम्ही काढा. ट्रे बसला म्हणून इलाज झाला असं नसतं, चश्मा दिला आणि परत अक्षरं वाचूनच घेतली नाहीत असं झालं ते.

आता त्रासाबद्दल, कारण विकणारे यावर पटकन पुढे जातात. पहिल्या सकाळी ट्रे काढला, दात मिटले आणि घाबरलो, दाढा एकमेकींना टेकतच नव्हत्या, फक्त पुढचे दात एकमेकांवर आपटत होते. वाटलं गेलं, जबडा कायमचा वाकडा. तसं नसतं. रात्रभर पुढे ताणलेले स्नायू मागे यायला वेळ घेतात. यासाठी एक छोटा कडक प्लास्टिकचा तुकडा देतात, तुमच्या मूळच्या चाव्याच्या मापाचा, तो सकाळी पाचदहा मिनिटं दातात दाबून धरायचा, जबडा आपल्या जागी येतो. मी तो दातात धरून सकाळचे मेसेज वाचतो. कंटाळा करून हा सोडणारे खूप आहेत, आणि वर्षभराने डेंटिस्टकडे जाऊन बोंब मारणारेही तेच.

पण वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकतात, हे मात्र खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. ट्रे खालच्या जबड्याला पुढे धरतो, जबडा मागे जायला बघतो, त्या रस्सीखेचीत वरचे पुढचे दात किंचित आत आणि खालचे किंचित बाहेर झुकतात. बदल बहुतेक वेळा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असतो, आणि कित्येकांना तो स्वतःला जाणवतही नाही, डेंटिस्टला मोजल्यावर कळतो. काहींच्या दाढा नीट टेकेनाशा होतात. ज्यांचे वरचे दात मुळातच बरेच पुढे आहेत त्यांना यात तोटा कमी. ज्यांनी तरुणपणी तारा लावून दात अगदी ओळीत बसवून घेतलेत त्यांनी हे आधी नीट विचारून घ्यावं. माझं म्हणणं, दात अर्धा मिलिमीटर सरकलेले परवडले, ऑक्सिजन ८१ वर गेलेला नाही. पण हा सौदा आहे, आणि तो माहीत असताना केलेला बरा. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत वरचेवर आणि नंतर निदान वर्षातून एकदा डेंटिस्टला दाखवायचंच.

कोणाला जास्त लागू पडतो? साधारणपणे सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांना, बायकांना, वजन कमी आणि गळा बारीक असणाऱ्यांना, हनुवटी मागे असणाऱ्यांना, आणि ज्यांचा त्रास उताणं झोपल्यावरच वाढतो त्यांना. पण हे नुसते अंदाज, आधी छातीठोक कोणी सांगू शकत नाही, जाड मानेच्या माणसालाही मस्त लागू पडलेला मी बघितलाय. तीव्र त्रास असेल, ऑक्सिजन फार उतरत असेल तर सीपॅप आधी, तो अजिबात जमलाच नाही तर मग हा. सेंट्रल ॲप्निया म्हणून एक वेगळा प्रकार असतो, त्यात घसा उघडा असतो पण मेंदू श्वासाचा हुकूमच देत नाही, तिथे जबडा कितीही पुढे न्या, उपयोग शून्य, म्हणूनही आधी तपासणी. वाढत्या वयाच्या मुलांना हे असं आपल्या मनाने लावायचं नाही. आणि कवळी असणाऱ्यांना दातच नाहीत तर ट्रे धरणार कुठे, त्यांच्यासाठी जिभेला चोखून पुढे धरणारा एक मऊ फुगा असतो, दिसायला भयंकर विनोदी, पण काम करतो.

बाकी उपाय याच्या जोडीला चालूच ठेवायचे. वजन हा मोठा भाग आहे, वजन १० टक्के कमी झालं तर एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरतो असं एका मोठ्या अभ्यासात २००० साली आलं होतं. कुशीवर झोपणं, रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्यांपासून लांब राहणं, कारण दोन्हींनी घसा अजून ढिला पडतो. काही जण ट्रे आणि सीपॅप दोन्ही एकत्र लावतात, म्हणजे मशीनचा दाब कमी ठेवता येतो. प्रवासात फक्त ट्रे आणि घरी मास्क असेही आहेत. मला हे शहाणपणाचं वाटतं, उगाच दोन पार्ट्या करून भांडायची गरज नाही.

सांभाळायला सोपा आहे, पण मी त्यातही माती खाल्ली. एकदा सकाळी घाईत ट्रे गरम पाण्याच्या नळाखाली धरला, चांगला निर्जंतुक होईल म्हणून. त्या रात्री बसेचना, एका बाजूला वाकला होता, परत लॅबला पाठवावा लागला आणि दहा रात्री परत घोरत काढल्या. तर साधं गार किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश, थोडा सौम्य साबण, टूथपेस्ट नको कारण तिच्यातल्या कणांनी ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. मधूनमधून कवळी धुवायच्या गोळ्या टाकलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचा. भोकं असलेल्या डबीत कोरडा करून ठेवायचा. आणि घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर, कारण लाळेच्या वासाने कुत्र्यांना हे चघळायला फार आवडतं, डेंटिस्टकडे तुटलेल्या ट्रेची निम्मी कारणं हीच असतात की काय असं वाटतं.

नीट वापरला तर तीन ते पाच वर्षं टिकतो. माझ्या ट्रेला आता तीन झाली, एका स्क्रूचं घर थोडं सैल वाटतं. दरम्यान माझं वजन चार किलो वाढलंय, घोरणं अजिबात नाही, बायको शांत झोपते, पण दुपारी जांभया परत सुरू झाल्यात. म्हणून पुढच्या आठवड्यात परत टेस्ट लावलीये. किल्ली ड्रॉवरमध्येच आहे, पण रिपोर्ट येईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.